प्रतवारी

मशीन आलं तेव्हा नारळ मीच फोडला.
मालक म्हणाले, सगळ्यांत जुनी तू, तुझ्या हातून होऊ दे.
पाणी काचेवर उडालं
आणि मेकॅनिक पोरगा ओरडला, बाई, कॅमेरा!

आठ कॅमेरे आहेत त्याच्या पोटात.
काजूगर उतारावरून घसरत येतो,
डाग दिसला की वाऱ्याची एक फुंकर,
फुट्,
की गेला बाजूच्या डब्यात.
बावीस वर्षं मी बोटांनी जे केलं
ते हे फुंकून करतं.

आता माझं काम त्याच्याशेजारी बसायचं.
दिवा लाल झाला तर हाक मारायची.
दिवा लाल होत नाही.

फिलोमिनला पॅकिंगला घातलं, शेवंतीला घरी.
शेवंती उभादांड्याच्या वाटेवर भेटते,
माझ्या हातांकडे बघते, तोंडाकडे नाही.
'तुजां बरां आसा गे. बसान पगार.'

बरां आसा.
नखाखालची लाल साल गेली, नखं वाढली.
पोरगी म्हणते, आई, रंग लाव.
फक्त रात्री ताट पुढ्यात आलं
की बोटं भाताची शितं वेगळी करायला लागतात:
अख्खं, पाकळी, तुकडा, कणी.
नवरा ताट ओढून घेतो, कालवून परत देतो.
बोलत काही नाही.

मंगळवारी कुडाळहून एक ताई आली,
नऊ प्रश्नांचा कागद घेऊन.
गेल्या दोन आठवड्यांत आपला काही उपयोग नाही असं वाटलं का?
कधीच नाही. कधीकधी. बरेचदा. रोज.
म्हटलं, ताई, ही पण प्रतवारीच.
ती हसली, पेन पुढे केलं.
मी 'कधीकधी'वर खूण केली.
थोडा डाग, पण खपेल असा माल.

परवा सुटायच्या वेळी
बाजूच्या डब्यात उगाच हात घातला.
एक गर बोटांना थांबवून गेला.
पदराच्या गाठीत बांधून आणला,
खिडकीत, बंदराकडच्या उजेडात, तीनदा फिरवून पाहिला.
डाग नव्हता. सावली पडली असणार कसलीतरी.
अख्खा, पांढरा, दोनशेचाळीसचा.

कुणाला सांगू? ताई पुढल्या महिन्यात येणार.
नवऱ्याला दाखवला.
त्याने उलटापालटा करून पाहिला, म्हणाला,
'मगे खा.'

मिठाच्या बरणीमागे ठेवलाय.
खाल्ला नाही अजून.