खिडकीतून सहा नंबर

भाकरी थापताना मान वर केली
की परातीच्या काठावरून दिसतं
हॉटेल बोरीकाठचं सहा नंबरचं टेबल.
रविवारी तिथं अख्खं घर मावतं,
पाच नंबरची एक खुर्ची ओढून घेतली तर.

आज पाच जण आले.
म्हातारा आधी बेसिनकडे गेला,
कोपरापर्यंत हात धुतले, खळखळून चूळ भरली,
आणि ओलेच हात समोर धरून
येऊन बसला.
नातीनं इवल्या बाटलीतला थेंब तळव्यावर चोळला.
दवाखान्याचा वास
पार माझ्या तव्यापर्यंत आला.

मेनूकार्ड आता नसतं आमच्याकडे.
टेबलावर चिकटवलाय काळ्या ठिपक्यांचा चौकोन.
म्हाताऱ्यानं तो नखानं खरवडून पाहिला.
"हाई काय शे?"
ह्याच्यात सगळं असतं, आबा, नातू म्हणाला.
आबा वाकून बघत राहिले,
विहिरीत बघतात तसं.
मग मान वर करून
सरळ हॉलभर विचारलं,
"भाजी कसानी शे आज?"
सात नंबरचा अनोळखी माणूस
घास हातात धरून म्हणाला,
"शेवनी. बरी शे."
झालं. ठरलं त्यांचं.

मी माणसं भाकरीवरून ओळखते.
आबांना कळण्याची, वर कच्चं तेल.
सुनेला अर्धी, उरलेली अर्धी कोणाची ते न सांगता.
नातवाला बटर नान. नातीला काहीच नको, नंतर.
आणि मुलाला चपाती, तेल न लावता.
ही डॉक्टरांची चपाती, मला लगेच कळते.
तो मुलगा मधोमध बसलेला,
बापाशी अहिराणी, पोरांशी मराठी,
आमच्या गोटूशी उगाचच हिंदी.
एकाच शेवभाजीला त्यानं सांगितलं,
एक तिखट कम, एक में तर्री जादा.
आत दगडूनं कपाळाला हात लावला.

कांदा आला तो चिरून, गोल गोल, लिंबाच्या फोडीसोबत.
आबांनी ताटली बाजूला सारली,
गोटूकडून अख्खा मागून घेतला,
टेबलावर ठेवला
आणि बुक्की मारली.

ग्लास हलले. चार नंबरच्या बाई दचकल्या.
मुलगा म्हणाला, आबा, हळू ना,
सगळे बघताहेत.
नातवानं फोन काढला. परत एकदा, आबा, परत एकदा.
"कांदा काय दोनदा फुटस का रे?"

दुसरा मागवला.
नातवानं बुक्की उगारली, डोळे मिटून हाणली,
कांदा सटकला, घरंगळत थेट माझ्या खिडकीखाली.
उचलायला मुलगा आला.
वाकला, उठला, कांदा विजारीला पुसला.
आमची नजरानजर झाली.
वय असेल पन्नासच्या आसपास,
कानावर पांढरं, खिशाला पेन.
त्यानं मागं वळून पाहिलं.
मग खिडकीच्या कडप्प्यावरच,
माझ्या पिठात,
एकाच फटक्यात फोडला.

काही बोलला नाही.
पाकळ्या ओंजळीत गोळा करता करता म्हणाला,
मावशी, चपाती राहू द्या.
कळण्याची एक.
बायकोला कळू नये एवढ्या आवाजात.

नातीनं मग आबांच्याच भाकरीचा तुकडा मोडला,
तर्रीत बुडवला.
नाक लाल झालं, डोळे भरले,
पाण्याला हात लावला नाही.
आबा बघत होते आणि बघत नव्हते.

बिल फोनवरून दिलं.
काउंटरवरचा डबा मोठ्यानं बोलला,
एक हजार नव्वद रुपये मिळाले.
आबा खुर्चीतच आक्रसले.
खाल्ल्याचा आकडा असा गावभर सांगतात का!
गेले तेव्हा डब्याकडे बघत गेले,
चहाडखोर माणसाकडे बघावं तसं.

ताटं आत आली.
चपाती घडी न मोडता परत.
नान अर्धा. आबांचं ताट
त्यांनी पाणी ओतून, बोटानं फिरवून, पिऊन टाकलेलं.
गोटूनं कांद्याची सालं पुसली.
पाच नंबरची खुर्ची
तिकडेच राहिली, सहाला चिकटून.
पाचला आता तिघंच बसतील.
मी पुढचा गोळा मळायला घेतला,
पिठात कांद्याचा वास होता.