पाणगोटी

घाटनांदूरच्या बाजारात
वीस वर्षं मेंढरं सोलली मी.
कातडं उतरताना
ओला सदरा अंगातून काढावा तसा आवाज होतो,
हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

पोट फाडलं की
कधीमधी कलेजीवर दिसायची
लिंबाएवढी, एखादीच कवठाएवढी
पांढुरकी गोटी.
बोटानं दाबली तर आत पाणी.
बाप म्हणायचा पाणगोटी.
आज्जा म्हणायचा, हिनं चांगल्या सालाचं
पाणी साठवून ठेवलंय बघ.
गिऱ्हाइकाची नजर पडायच्या आत
सुरीच्या टोकानं तेवढा तुकडा काढायचा
आणि मागं फेकायचा.
मागं शिपाई असायचा.

शिपाई म्हणजे आमचं कुत्रं.
एक कान फाटका, चाल हवालदाराची.
तुकडा हवेतच झेलायचा.
रात्री कौतिकाच्या पायथ्याशी निजायचा,
ती भाकरी थापायला बसली की
तिच्या कोपराला नाक लावायचा.
सरक तिकडं मुडद्या, म्हणायची,
आणि त्याच हातानं पहिला चतकोर त्याला.

तिच्या उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं.
दोन वर्षं ओवा खाल्ला.
कुणी म्हणालं वायगोळा,
कुणी म्हणालं बाहेरचं.
शेवटी अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात
एका पोरगेल्या डॉक्टरणीनं
तिच्या पोटावर गार चिकट काही लावलं
आणि पडदा माझ्याकडं वळवला.
सांगायला तोंड उघडलं तर
मी म्हणालो, थांबा बाई.
हे मला ओळखू येतंय.

मोसंबीएवढी.
आत बारक्या बारक्या,
धुऊन ठेवलेल्या द्राक्षांसारख्या.

तिनं कागदावर वाटोळं काढलं.
मेंढी, कुत्रं, कुत्र्याची घाण, गवत, मेंढी.
किडा तांदळाच्या कणीएवढा.
त्याला माणूस नकोच असतो, म्हणाली,
माणसात तो वाट चुकून येतो,
पुढं जायला रस्ता नसतो त्याला.
मला आधी त्याचीच कीव आली.
मग वाटोळ्यात मी स्वतःला शोधलं.
नव्हतो.
मेंढीकडून कुत्र्याकडं
नुसता एक बाण होता.

बाणाला पाच बोटं होती.
तिला दिसली नसतील.

ऑपरेशन चार तास चाललं.
एक थेंब आत सांडला तर
पेरणी परत पहिल्यापासून,
म्हणून जपून, लई जपून.
पाणी निघालं स्वच्छ, झऱ्याचं असावं तसं.
आमच्या गल्लीत तेव्हा नळ अकराव्या दिवशी यायचा.
कौतिका शुद्धीवर आली, मी सांगितलं,
तर म्हणाली, आधी कळलं असतं
तर भांडी तरी निघाली असती.
हसली आणि टाक्यांवर हात धरला.
पिशवीचं कातडं कॉलेजात बरणीत आहे,
पोरांना शिकवायला.
वरती नंबर आहे, नाव नाही.

आता दुकानामागं खड्डा आहे, कमरेएवढा.
नको ते त्यात, वर चुना, वर माती.
शिपायाला दर काही महिन्यांनी गोळी, गुळातून.
तो गूळ चाटतो आणि गोळी थुंकतो.
मी परत भरवतो. हात धुतो.
साबण किती झिजला ते कौतिका बघते.
भाकरीच्या वेळी तो अजून नाक आणतो.
ती कोपर वर उचलते,
आणि थापता थापता तिला ते तसंच वर धरवत नाही.

परवा बाजारात एक निघाली,
बोरापेक्षा थोडी मोठी.
हात सवयीनं मागं गेला.
शिपाई तोंड वर करून उभा.
मूठ सोडली नाही मी,
पण पुढंही आणता येईना लवकर.
गिऱ्हाईक म्हणालं,
अहो, तोला की.