स्वप्नात काय दिसलं

सकाळी चहाच्या आधी बाबा विचारायचे,
"वैजू, स्वप्नात काय दिसलं?"
जेल रोडच्या त्या दोन खोल्यांत
इतक्या मायेनं मला दुसरं कुणी काही विचारत नव्हतं.
मी सांगायचे: साप. विहीर.
दात पडला, पण रक्त नाही आलं.
ऐकता ऐकता बाबा उठायचे,
पाय चपलेत, शर्टाचं वरचं बटण उघडं,
माझं स्वप्न अर्धं तोंडातच.

साप म्हणजे किती, विहीर म्हणजे किती,
ते मला पाढ्यांच्याही नंतर कळलं,
कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये
आरशामागे खोचलेल्या तेलकट वहीतून.

दिवसभर बाबा नोटा मोजायचे.
प्रेसमध्ये. कोऱ्या, करकरीत,
शाईचा वास न गेलेल्या.
सुटताना अंगझडती, खिसे उलटे.
"लाखांतून येतो रोज," हसून म्हणायचे,
"आणि बसला दहा रुपये उसने."

"एका घरानं हुकलं, सिंधू."
सात लावला, आठ आला.
हरल्याचं दुःख मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलंच नाही,
पाहिलं ते हुकल्याचं तेज.
जणू आकडा आमच्या दारापर्यंत आला,
कडी वाजवली,
आणि उद्या येतो म्हणून गेला.

घरातल्या वस्तू दुरुस्तीला जायच्या.
आधी माझी सायकल, मग मिक्सर,
मग आईच्या कुड्या.
"कुड्यांची कसली गं दुरुस्ती?" शेजारच्या निकमकाकू विचारायच्या.
"फिरकी सैल झालीय," आई म्हणायची,
आणि नागलीचे पापड लाटत राहायची,
इतके पातळ की खालचा पाट दिसावा.

एकदा लागला.
पेटीभर द्राक्षं घेऊन आले, रिक्षानं.
आईनं ती मिठाच्या पाण्यात धुतली, एकेक मणी,
आणि एकही तोंडात टाकला नाही.
हरल्याच्या रात्री ती झोपायची तरी.

पुढे मला स्वप्नं पडायची थांबली.
मग मी रचायला लागले.
हत्ती देऊन पाहिला, लग्नाची वरात दिली,
दारणेच्या पुलावरून पडणारी मी दिली.
बाबा कधी रागावले नाहीत.
संध्याकाळी जवळ बसवून फक्त म्हणायचे,
"नीट आठव हं, मासा एक होता की दोन?"
मी दहा वर्षांची.
घराचं भाडं माझ्या झोपेवर चाललं होतं.

आईही खेळायची, हे फार उशिरा ध्यानात आलं.
पगाराच्या तारखेला
ती भात किती टाकायचा ते पावलांवरून ठरवायची.
चपला फरफटल्या तर पातेलं लहान.
शीळ ऐकू आली तर देवासमोर जाऊन उभी.
रोज हरायची,
रोज नव्यानं लावायची,
तिच्यासाठी कुठे वही नव्हती.

आई गेली.
आता बाबा माझ्याकडे, सिडकोत.
रविवारी उपनगरच्या एका शाळेत जातात,
लहान बाकांवर त्यांच्यासारखेच दहा-बारा जण.
परत येऊन सांगतात, "चारशे बारा दिवस."
सांगताना डोळ्यांत तेच तेज,
आणि माझ्या पोटात तोच खड्डा.
दूध घेऊन आले की मी न विचारताच
ओट्यावर सुटे पैसे मांडतात, ओळीनं,
रुपयाही वेगळा.
मी बघत नाही असं दाखवते. मोजून होतं.

आज सकाळी ओवी उठून आली,
"आजोबा, मला स्वप्न पडलं."
उलथनं माझ्या हातात तसंच.
"एक मासा होता. जिन्यावर बसलेला."
बाबांनी कप खाली ठेवला.
उठले नाहीत.
"बरं, मग?" म्हणाले, "मग पुढं काय झालं?"

ओवी सांगत बसली. मासा शाळेत गेला,
पाण्याची बाटली विसरला,
बाईंनी त्याला बाहेर उभं केलं...
संपेचना.
बाबा ऐकत होते, बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

तव्यावर पोळी करपली.
मासा म्हणजे किती,
ते मला अजून पाठ आहे.