हललं तरी चालेल

दुकानात दिवसभर मी एकच मंत्र पुटपुटतो :
हसू नका. तोंड मिटा. चष्मा काढा, हनुवटी थोडी खाली.
मागे राखाडी भिंत, सावली नको.
माणसं श्वास रोखून बसतात
आणि पाच मिनिटांत स्वतःचे सहा तुकडे पाकिटात घालून
मोरकमच्या वाऱ्यात परत जातात.

ड्रॉवरमध्ये एक जुना डिजिटल कॅमेरा पडून होता,
दुरुस्तीला टाकून कुणी परत न नेलेला,
बॅटरीच्या झाकणाला रबरबँड.
तो शाल्मलीला दिला. वय पावणेपाच.
दोरी मनगटात घाल, एवढंच सांगितलं.
भिंगावर बोट ठेवू नको, हे सांगायचं राहिलं,
म्हणून पहिल्या चाळीस फोटोंत
उजवीकडे एक गुलाबी टेकडी आहे.
तिला ती ‘मी’ म्हणते.

रविवारी समुद्राच्या कडेने चाललो.
ओहोटीने पाणी इतकं लांब नेलेलं
की नजरेलाही चिखल लागावा.
खाडीपलीकडे लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर ओळीने उभे,
सगळे कॅमेरे त्यांच्यावर रोखलेले.
शाल्मली पाठमोरी.
तिने टिपलं बाकाखालचं च्युइंगगम,
गटाराच्या जाळीत अडकलेली एक चिप,
मिस्टर बर्केटच्या कुत्र्याचं नाक, इतक्या जवळून
की ते ओल्या रस्त्यासारखं दिसतं,
मिस्टर बर्केटचे गुडघे,
आणि मग कुणाकुणाचे गुडघे.
तिच्या उंचीवर हे गाव गुडघ्यांचंच असणार,
चेहरे वर कुठेतरी, हवामानासारखे.

मी न राहवून म्हणालो, अगं, ते डोंगर घे की.
तिने डोंगरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
“ते उद्यापण असतील ना?”

रात्री ती झोपल्यावर कार्ड लॅपटॉपला लावलं.
दोनशे सतरा.
सवयीचं बोट डिलीटवर.
अंधारलेला, गेला.
तिरका, गेला.
लाल मफलरमधली तिची आई, पार हललेली, गेली.
मग नुसतं आभाळ आलं,
माझ्या दुकानातल्या भिंतीसारखं रिकामं.
पुन्हा आभाळ. पुन्हा. एकोणीस वेळा.
बटण अडकलं असेल, म्हटलं.
तेही पुसणार होतो, पण जांभई आली.

सकाळी तिने स्क्रीनवर बोट ठेवलं, जॅमसकट.
“हा सीगल.”
कुठाय?
“होता.”
पुढचा. “हापण होता. हा मोठ्ठा होता.”
एकोणीस आभाळं तिने एकेक करून ओळखली,
कुणी चिप पळवली, कुणाचा पाय वाकडा,
कोण मिस्टर बर्केटवर ओरडला.
मराठी तिची तोकडी. भूतकाळात तर हमखास घसरते,
‘मी फोटो करला’ म्हणते.
हे ‘होता’ मात्र एकदाही चुकलं नाही.

मग म्हणाली, आई कुठाय? मफलरवाली?
तो हलला होता गं.
“हो. आई हसत होती ना.”

पुसलेले फोटो परत मिळवून द्यायचे
मी गिऱ्हाइकांकडून वीस पौंड घेतो.
सोमवारी शटर अर्धंच वर करून तेच काम आधी केलं.
टेकडी आली, तिरका आला,
आईचा मात्र वरचा अर्धाच उघडला :
लाल काहीतरी उडतंय,
त्याच्याजवळ दात असावेत.
खाली सगळं करडं.

दहाला मिसेस पोस्टलथ्वेट आल्या. वय एक्क्याण्णव,
बहिणीला भेटायला कॅनडाला निघालेल्या.
तोंड मिटा म्हणताच त्यांना हसू फुटलं,
कवळी सावरत सावरत थांबेचना.
नियमाचा एक काढला, तिसऱ्या खेपेला.
स्टुलावरून उतरायला लागल्या तेव्हा
माझं बोट पुन्हा दाबलं गेलं.

पैसे एकाचेच घेतले.
दुसरा ड्रॉवरमध्ये आहे, कॅमेरा होता तिथे.
त्यात थोडा स्टूल आहे, थोडा निळा कोट,
बाकी काय ते मला नीट लागत नाही.
संध्याकाळी शाल्मलीला दाखवून बघतो.