शिफारस

डॉक्टर मजमुदारांनी लिहून दिलं, "निद्रानाश".
सरकारी भाषेत त्याला शिफारस म्हणतात.
त्यांची तिथं संपते, उत्पला,
माझी तिथून पुढे.

अलकापुरीतल्या त्या हॉटेलात, जिन्याखालच्या काउंटरपाशी
माणसं उभी असतात नापासांची यादी लागल्यासारखी,
कुणी कुणाकडे बघत नाही.
तू फळीकडे बघ.
जे मागायला गेलीस ते बहुधा नसतंच,
आणि महिन्याचे युनिट मोजून मिळतात,
म्हणून मोठी बाटली नको. दोन लहान घे.
एकीनं तहान भागते फार तर.
तुलनेला दोन लागतात.

सोनेरी डब्याला भुलू नकोस,
निम्मे पैसे पुठ्ठ्याचे.
अठरा वर्षं, एकवीस वर्षं, हे कौतुक थंड देशातलं.
तिकडे पिंपातून देवदूत घोट घोट पितात म्हणे,
आपल्याकडे ते काम वैशाख करतो, तांब्यानं.
उरतं ते पाचव्या वर्षीच पोक्त होऊन बोलतं.
बंगळूरकडची मिळाली तर घे. गोव्याचीही.
स्वदेशी म्हणून नव्हे, चांगली म्हणून.

स्पे नदीकाठची सोपी:
सफरचंद, मध, नुकतं कापलेलं गवत.
तिचं कुणाशीही पटतं,
आणि म्हणूनच दुसऱ्या पेल्याला
तिच्याशी बोलायला काही उरत नाही.
शेरीच्या पिंपातली गडद, तिला वेळ दे.
काळ्या मनुका, जायफळ,
तपकिरीच्या डबीचं आतलं झाकण.
आयला बेटाची उघडशील तेव्हा वाटेल,
सयाजी इस्पितळाच्या ड्रेसिंगच्या खोलीत
कुणी होळी पेटवली.
नको म्हण. दुसऱ्यांदाही नकोच म्हण.
माझं तिच्याशी जमायला दोन हिवाळे गेले.

बर्फ घालू नकोस. पाणी ड्रॉपरनं, तीन थेंब,
मग थांब, पेल्यात काहीतरी उलगडतं.
आणि लीलो चिवडो समोर ठेवू नकोस, कितीही आवडला तरी.
त्याच्या गोडतिखटापुढे
स्कॉटलंडचं काही चालत नाही.

हे सगळं वहीत आहे.
एकोणतीस वर्षांची वही, निळी शाई,
औषध कारखान्यातल्या केमिस्टचं अक्षर:
तारीख, बॅच, वास, चव, शेवट.
तेव्हा बाटलीचं बूच हुंगून
मी सॉल्व्हंट कोणतं ते सांगत असे
आणि यंत्र नंतर होकार देत असे.

मागच्या माघातल्या तापानंतर एकदा
दूध जळून पातेलं काळं पडलं
आणि मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो.
जोशीबेन धावत वर आल्या, तेव्हा कळलं.
तुला सांगितलं नव्हतं.
तू दर शनिवारी आलीस, मी वहीतलं म्हणत गेलो,
पेला नाकाशी धरून, सवयीनं.

परवा स्पेच्या बाटलीला तू म्हणालीस,
"काका, मध कुठाय? मला ओली शाडू लागतेय.
आणि वेल्डिंग थंड झाल्यावर लोखंडाला येतो ना, तो वास."
मी वही उघडली. पान एकसष्ट. मध, स्वच्छ लिहिलेला.
पूर्वीचा मी असतो तर वाद घातला असता,
तुझ्या फॅकल्टीच्या धुळीला दोष दिला असता.
परवा मी पेन मागितलं.

मध खोडला नाही.
खाली ओळ मारून तुझी शाडू लिहिली, लोखंड लिहिलं,
तारीख घातली, आणि पुढे तुझं नाव,
कारण निरीक्षक बदलला की नोंद करायची असते.

तर या महिन्याची शिफारस: आयलाच आण.
माझे युनिट शिल्लक आहेत, माझ्या कार्डावर घेऊ.
जिभेला जळतं, एवढं मला अजून कळतं.
त्यात धूर आहे की नाही,
ते तू सांग.