चव्वेचाळीस सेकंद

फुजैराच्या समुद्रात रात्री जहाजं उभी असतात,
तेल भरायच्या पाळीची वाट बघत.
कॅम्पच्या गच्चीवरून मी ती मोजतो.
एकोणतीस. काल सदतीस होती.
मोजणं हे काही औषध नाही,
औषध पाचशेचं, सकाळी एक, रात्री एक,
पण मोजत असलो की दुसरं काही सुचत नाही.

पंधरा वर्षं परांचीवर चढलो,
टाकीच्या घुमटापर्यंत, पट्ट्याचा हूक लावून.
मग एका मार्चमध्ये जमिनीवरच पडलो,
जेवणाच्या रांगेत, हातात ताट.
डाळ सगळ्यांच्या बुटांवर.
कुणी नाकाला चप्पल लावली,
कुणी दातांत चमचा घातला.
तुटलेल्या दाताची जागा जीभ अजून शोधत राहते.

आता स्टोअरमध्ये हातमोजे वाटतो.
वरचा बंक गेला. पगारातले तीनशे दिरहम गेले.
घरी सांगितलंय, बढती मिळाली,
सावलीतलं काम आहे.

फेफरं महिन्यातून एकदा येतं, दोन मिनिटांत जातं.
हे दुसरं जातच नाही.
ह्याला फेस येत नाही, हातपाय झाडावे लागत नाहीत,
म्हणून कुणी धावतही येत नाही.

गुरुवारी साडेआठला फोन.
साधाच; व्हॉट्सॲपवरचं बोलणं इथं लागत नाही.
मिरजेहून वृषाली मॅडम,
जुबैलचा इरफान मुकादम, क्रेनवरून खाली उतरवलेला,
सलालाहून शेट्ये, बेकरीतला,
आणि कुवेतची फिलोमिना, मूळ वसईची,
दुसऱ्यांची आजारपणं काढते, स्वतःचं लपवते.
पाच आवाज. चेहरा कुणालाच नाही.
मी पाण्याच्या टाकीमागे बसून बोलतो,
म्हणजे बहुतेक ऐकतोच.

मॅडम दर वेळी एक विचारतात :
गेल्या आठवड्यात जगणं नको असं वाटलं का?
नाही तर शून्य, काही दिवस तर एक,
अर्ध्याहून जास्त दिवस, दोन.
रोज, तीन.
मी शून्य म्हणतो.
स्टोअरमधला माणूस, आकडे जुळवता येतात.

पाचव्या गुरुवारी बोलता बोलता त्या थांबल्या.
"मनात येणारा विचार आणि आपण, ह्यांत जरा..."
पुढं काही नाही.
लाइन चालू होती. पंख्याची घरघर ऐकू येत होती,
तिथल्या, मिरजेच्या पंख्याची.
इरफान म्हणाला, कट झाला वाटतं.
फिलोमिना म्हणाली, नाही. गप्प. घड्याळ बघा.

आम्ही चौघं, चार देशांत.
इरफानकडे आठ वाजत आलेले, माझ्याकडे नऊ,
सेकंद मात्र सगळीकडे तेच.
शेट्ये मोठ्यानं मोजू लागला,
मैद्याची पोती मोजावीत तसा, न घाबरता.
एकवीस. बावीस.
मला माझं पडणं आठवलं नाही. हे नवीन होतं.
एवढंच वाटलं, ह्या बाईच्या खुर्चीला हात असू देत,
आणि जवळ चप्पल घेऊन कुणी नसू दे.

चव्वेचाळीसला त्या म्हणाल्या,
"...जरा अंतर असतं. कुठं होते मी?"
"इथंच," फिलोमिना म्हणाली.
मॅडम थोडं हसल्या.
"मलाही आहे. सांगणार होते तुम्हांला,
आठव्या आठवड्यात."
मग वहीचं पान उलटल्याचा आवाज,
आणि तोच प्रश्न. पाळी माझी.

एक जहाज हललं होतं की माझं मोजणं चुकलं होतं, कोण जाणे.
मी म्हणालो, दोन.

कुणी बोललं नाही.
पण लाइन कट झालेली नव्हती,
चार जणांचा श्वास येत होता कानाशी.
"दोन," मॅडम म्हणाल्या, लिहून घेत,
"आणि आज इतक्यात फोन ठेवायचा नाही."
शेट्ये म्हणाला, माझी भट्टी साडेतीनला लागते,
तोवर जागाच आहे मी. बोल. काहीही बोल.

मी जहाजांपासून सुरुवात केली.