नावांची वही

तीन नंबर हॉस्टेलची वही माझ्याकडे असते.
कुणी सोपवली म्हणून नाही;
सगळे गेले, मी इथल्या हॅचरीला चिकटलो
आणि कपाटाचं कुलूप माझं होतं, एवढंच.

पहिल्या पानाला अजून सुक्या बोंबलाचा वास येतो.
शाई पसरली आहे, पण वाचता येतं:
'नाव भरतीला द्यावे. ओहोटीला देऊ नये.'
का, ते लिहिलेलं नाही.
भाट्याच्या खाडीत गुडघाभर चिखलात उभं करायचे,
पाणी चढायला लागलं की सीनियर कपाळाला मीठ लावायचा
आणि एका माशाचं नाव घेऊन हाक मारायचा.
ओ दिलीस की तू तो मासा.
जन्मभर.

दिगंबर कीर लेप झाला, कारण झोपायचा तसाच,
एका कुशीवर, दोन्ही डोळे एकाच बाजूला आल्यासारखा.
मजगावकर केंड. चिडला की फुगायचा.
आता वेरावळला एक्स्पोर्ट बघतो,
कंटेनर अडला की अजून फुगतो, असं त्याची बायको सांगते.
शिरधनकर मोरी, चार वर्षं कुणाचं ताट सोडलं नाही;
तो सोलापूरला बँकेत गेला,
समुद्र बघायला कॅलेंडर आहे म्हणतो.
मी पेडवा. काटे फार, भाव कमी.
खोटं नाही.

आणि इक्बाल सोलकर निवटी.
आम्ही सगळे मांडीपर्यंत रुतलेले
आणि हा चिखलावरून पळतोय,
काखेत आमच्या चपला.

परवा जमलो. बत्तीस वर्षांनी.
हॉस्टेलात आता मुली आहेत, वायफाय आहे,
मागच्या दाराची ती फळी, जिच्यातून आम्ही रात्री बाहेर पडायचो,
तिथे सिमेंट.
मिरकरवाड्यावरून अख्खी सुरमई आणली,
पण चार मत्स्यविज्ञान पदवीधरांत
एकालाही धड तुकडे करता येईनात.
मेसच्या सुलभामावशीने सुरी हिसकावून घेतली.

वहीत आणखी एक नियम आहे.
आम्ही तो वाचला होता, पण विशीतले असताना वाचला होता, म्हणजे नाहीच:
'माणूस गेला की नाव मोकळे. रेघ मारू नये. पुढच्याला द्यावे.'

इक्बाल फेब्रुवारीत गेला. नेल्लोरला, कोळंबीच्या तळ्यावर,
पहाटे एरेटर लावायला उठला होता.
त्याच्या बायकोने मला फोन केला.
'पेडवाभाई का?' म्हणाली.
माझं खरं नाव तिला ठाऊकच नव्हतं.

तर, नवी मुलगी. तृप्ती नान्हे, भंडाऱ्याची,
आजोबा तळ्यावर जाळं टाकायचे.
'आमच्याकडे मरळ असते सर,' म्हणाली,
'समुद्र मी सोमवारी बघितला.'
केंड फुगला. निवटी कुणाला द्यायचं नाही म्हणाला,
हवं तर बांगडा द्या, बांगडे कितीही चालतात.
शिरधनकरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, काढला.
पाणी तर चढतच होतं.

मीठ मी लावलं. ओलं होतं, अंगठ्याला चिकटलं.
हाक मारायला तोंड उघडलं तर आधी नुसता वारा आला,
मग नाव.

आणि माझ्या मागून तिघांनी एकदम ओ दिली,
हजेरीला द्यायचो तशी, आवाज बदलून,
तो खोलीत झोपलेला असताना.

तिची ओ त्यानंतर आली. बारीक.
यातली कुठली धरायची,
त्याबद्दल वहीत काही नाही.

मी इक्बालच्या नावाखाली तिचं नाव लिहिलं.
तिची एक चप्पल आत राहिली होती.
ती काढायला मजगावकर उतरला, पँट दुमडून,
साठीला टेकलेला माणूस,
आणि तोही रुतला.